मेंदूचे दोन गोलार्ध एकमेकांशी कसे बोलतात

अमेरिकेत रॉचेस्टरला विल्यम व्हॅन वॅगेनन नावाचे मेंदूचे सर्जन होते. औषधांनी न थांबणाऱ्या आकडीच्या रुग्णांवर १९३९-४० मध्ये त्यांनी एक धाडसी शस्त्रक्रिया सुरू केली. फिट मेंदूच्या एका बाजूला सुरू होते आणि बघता बघता दुसऱ्या बाजूला पसरते, मग मधली वाटच बंद का करू नये, असा त्यांचा विचार होता. ही वाट म्हणजे कॉर्पस कॅलोसम, डाव्या-उजव्या गोलार्धांना जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा. व्हॅन वॅगेनन यांनी तो कापला. बऱ्याच जणांच्या फिट्स कमी झाल्या. त्यानंतर अँड्र्यू अकेलायटिस या डॉक्टरांनी दोन डझनांहून अधिक रुग्णांची बुद्धी, स्मरण, बोलणं, दोन्ही हातांची कामं असं सगळं तपासलं आणि निष्कर्ष काढला की कुणाचंही म्हणावं असं काही बिघडलेलं नाही.

ही बातमी डॉक्टरांना दिलासा देणारी होती, पण मेंदूच्या अभ्यासकांची तिने पंचाईत केली. मेंदूतली सर्वांत मोठी जोडणी तोडली तरी माणूस होता तसाच राहतो, हे पटणार कसं? वॉरन मॅकलक म्हणायचे, फिट एका बाजूकडून दुसरीकडे पोचवणं एवढंच या पट्ट्याचं काम दिसतंय. कार्ल लॅशली यांचा शेरा होता की गोलार्ध खाली झुकू नयेत म्हणून दिलेला तो टेकू असावा. दोघंही आपल्या काळातले अव्वल शास्त्रज्ञ. त्यांनाही यापुढे जाता येत नव्हतं.

हा पट्टा नीट पाहिला तर कोडं आणखी अवघड होतं. तो सुमारे दहा सेंटीमीटर लांब असतो आणि त्यात अंदाजे वीस कोटी तंतू असतात. आकडा मोठा वाटतो, पण मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, सुमारे सोळाशे कोटी चेतापेशी आहेत. त्या मानाने पलीकडच्या गोलार्धात तंतू धाडणाऱ्या पेशी शंभरात एक-दोनच भरतात. बाकीचा सगळा व्यवहार ज्या त्या बाजूलाच चालतो. दोन्हीकडचं सगळं ज्ञान सतत एकमेकांत मिसळत असतं अशी जी आपली ढोबळ समजूत असते, ती या हिशेबात बसत नाही. पलीकडे जातं ते निवडक असतं.

ही निवड कशी होते, तेही पाहण्यासारखं आहे. डोळ्यांकडून आलेलं चित्र कॉर्टेक्सच्या ज्या भागात सर्वांत आधी उतरतं, तिथून थेट पलीकडे जाणारे तंतू फारच थोडे असतात. जे असतात ते मुख्यतः नजरेच्या मध्यरेषेपुरते, जिथे डावं आणि उजवं दृश्य सांधायचं असतं. बोटांची संवेदना आणि हालचाल सांभाळणाऱ्या प्राथमिक भागांतही असे तंतू तुरळकच. छाती-पोटासारखे अंगाच्या मध्यावरचे भाग जिथे नोंदले जातात तिथे मात्र ते बरेच सापडतात. कॉर्टेक्समध्ये जसजसं पुढच्या पायऱ्यांकडे जावं, वस्तू ओळखणं, लक्ष देणं, बेत आखणं अशा कामांकडे, तसतशी ये-जा वाढते. म्हणजे पट्ट्यातून कच्चा माल कमी जातो आणि बऱ्यापैकी तयार झालेला अर्थ जास्त जातो.

तंतूही सगळे एका जाडीचे नाहीत. पुढच्या टोकाला बारीक तंतूंची दाटी असते, तर हालचाल, स्पर्श आणि नजर यांच्यासाठीच्या टापूंत जाड, वेगवान तंतू जास्त असतात. जाड तंतूतून संदेश काही मिलिसेकंदांत पलीकडे पोचतो. आवरण नसलेल्या अगदी बारीक तंतूला त्याच अंतरासाठी शंभर मिलिसेकंदांच्या घरातही वेळ लागू शकतो. १९१२ साली ए. टी. पॉफेनबर्गर यांनी हा प्रवास अगदी साध्या प्रयोगाने मोजायला घेतला. नजर मध्यावर ठेवलेल्या माणसाला डाव्या किंवा उजव्या बाजूला प्रकाश दाखवायचा आणि दिसताच एका हाताने बटण दाबायला लावायचं. प्रकाश पाहणारा आणि हात हलवणारा गोलार्ध एकच असेल तर प्रतिसाद किंचित लवकर येतो. वेगवेगळे असतील तर तीन-चार मिलिसेकंद जास्त लागतात. ज्यांचा पट्टा कापलेला आहे त्यांच्यात हाच फरक कित्येक पटींनी वाढतो. पण प्रतिसाद बंद पडत नाही, तो येतोच. या गोष्टीकडे पुढे परत यावं लागेल.

खरं तर अकेलायटिस यांच्या कितीतरी आधी उत्तराची चाहूल लागलेली होती. पॅरिसमध्ये जूल देजरीन यांनी १८९२ साली एका कापडव्यापाऱ्याची हकिकत प्रसिद्ध केली. सुशिक्षित, व्यवहारात चोख असलेल्या या माणसाला एक दिवस अचानक वाचता येईना. नजर उत्तम, बोलणं स्वच्छ, आणि नवल म्हणजे लिहिताही येत होतं. मात्र स्वतः लिहिलेला कागद थोड्या वेळाने समोर धरला तर त्यावरचं अक्षर लागत नव्हतं. बोटाने अक्षराचं वळण गिरवलं की कळायचं. मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा उलगडा झाला. डाव्या गोलार्धाचा नजरेचा भाग मेला होता आणि पट्ट्याचं मागचं टोकही. उजवा गोलार्ध अक्षरं पाहत होता. अक्षरांचा अर्थ लावणारी भाषा डाव्या गोलार्धात शाबूत होती. दोघांमधली वाट तेवढी उरली नव्हती. पुढे जर्मनीत ह्यूगो लीपमान यांनी असे रुग्ण दाखवले ज्यांचा डावा हात तोंडी सूचना पाळू शकत नव्हता, कारण सूचना समजलेली बाजू आणि तो हात चालवणारी बाजू यांच्यात पट्ट्याची तूट होती.

इतकी स्वच्छ निरीक्षणं पुढच्या पिढ्यांनी बाजूला ठेवली, याचं मला फार वाईट वाटतं. मेंदू सगळा मिळूनच काम करतो, त्यातल्या वाटा आणि ठिकाणं शोधण्यात अर्थ नाही, या मताचा जोर होता. बॉस्टनचे नॉर्मन गेशविंड यांनी १९६५ साली दीर्घ निबंध लिहून देजरीन-लीपमान यांचं काम पुन्हा उजेडात आणलं, तोवर कॅलिफोर्नियात नव्याने प्रयोग सुरू झालेले होते.

सुरुवात मांजरांपासून झाली. रॉजर स्पेरी आणि त्यांचे विद्यार्थी रोनाल्ड मायर्स यांनी १९५०च्या दशकात मांजरांच्या डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तो सांधा मध्यातून कापला, त्यामुळे प्रत्येक डोळा फक्त आपल्या बाजूच्या गोलार्धाला माहिती देऊ लागला. मग एक डोळा झाकून मांजराला आकृत्यांतला फरक शिकवला. पट्टा शाबूत असेल तर दुसऱ्या डोळ्यालाही तो धडा येतो. पट्टाही कापलेला असेल तर दुसरा डोळा कोरा, त्याला पहिल्यापासून शिकवावं लागतं. एवढंच काय, दोन डोळ्यांना एकमेकांच्या उलट धडे देता येतात आणि मांजराची काही कुचंबणा होत नाही.

अकेलायटिस कुठे चुकले ते इथे कळतं. ते रुग्णांशी समोरासमोर बसून, मोकळ्या नजरेने तपासणी करत होते. माणूस डोळे फिरवतो, वस्तू दोन्ही हातांत घेतो, स्वतःचा आवाज दोन्ही कानांनी ऐकतो, आणि दोन्ही गोलार्धांना बाहेरून तीच माहिती मिळत राहते. वाट तुटली आहे हे पाहायचं तर माहिती एकाच बाजूला जाईल असा बंदोबस्त करावा लागतो. शिवाय त्यांच्या अनेक रुग्णांचा पट्टा पुरता कापलेला नव्हता.

असा बंदोबस्त करून माणसाची पहिली तपासणी झाली ती लॉस एंजेलिसमध्ये. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला मार लागलेल्या आणि भयंकर फिट्सनी जेरीस आलेल्या एका माजी सैनिकावर १९६२ साली जोसेफ बोगन आणि फिलिप व्होगेल यांनी शस्त्रक्रिया केली. शास्त्रीय वाङ्मयात तो डब्ल्यू. जे. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. तपासण्या केल्या स्पेरींकडे नुकत्याच आलेल्या मायकेल गॅझानिगा या तरुण विद्यार्थ्याने.

प्रयोगाची मांडणी समजून घेणं जरूर आहे, कारण तिच्याबद्दल हमखास गैरसमज होतो. डावा डोळा उजव्या गोलार्धाला आणि उजवा डोळा डाव्या गोलार्धाला माहिती देतो, असं नाही. प्रत्येक डोळ्याला दिसणाऱ्या दृश्याचे दोन भाग पडतात. नजर रोखलेल्या बिंदूच्या डावीकडचं सगळं उजव्या गोलार्धात जातं, उजवीकडचं डाव्यात. म्हणून रुग्णाला पडद्यावरच्या ठिपक्याकडे एकटक बघायला सांगायचं आणि चित्र एका बाजूला सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याइतका वेळ चमकवायचं. नजर वळेपर्यंत चित्र गेलेलं असतं.

उजवीकडे चित्र चमकलं की डब्ल्यू. जे. लगेच नाव सांगे. डावीकडे चमकलं की म्हणे, काही दिसलं नाही. पण त्याच्याच डाव्या हाताला बटण दाबायची मुभा दिली तर तो बरोबर दाबे. पुढच्या रुग्णांमध्ये तर डावा हात पडद्याआड चाचपून नेमकी तीच वस्तू उचलून देऊ लागला, आणि तोंडाने मात्र त्या वेळी काही दिसलंच नाही हेच उत्तर येत होतं. बोलणारा डावा गोलार्ध खोटं बोलत नव्हता, त्याच्यापर्यंत काही आलंच नव्हतं. रंगीत ठोकळे जुळवून आकृती करायच्या चाचणीत डब्ल्यू. जे.चा डावा हात सरस ठरला. उजवा हात चाचपडू लागला की डावा हात मदतीला मध्ये घुसे आणि प्रयोग करणाऱ्याला तो धरून ठेवावा लागे. या सगळ्या संशोधनासाठी स्पेरी यांना १९८१ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

यानंतरचा सर्वांत गाजलेला प्रयोग गॅझानिगा आणि जोसेफ लडू यांनी पी. एस. या किशोरवयीन रुग्णावर केला. त्याच्या डाव्या गोलार्धाला कोंबडीचा पंजा दाखवला आणि उजव्याला बर्फाने वेढलेलं घर. समोर मांडलेल्या चित्रांमधून उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने फावडं. दोन्ही बरोबर. हे का निवडलंस असं विचारल्यावर मुलगा सहज म्हणाला की पंजा कोंबडीचा आहे, आणि फावडं खुराडं साफ करायला लागतं. बर्फ पाहिलेला गोलार्ध मुका होता. बोलणाऱ्या गोलार्धाने हातात आलेल्या फावड्याचं कारण जुळवून दिलं, आणि ते जुळवलेलं आहे याची त्याला शंकाही आली नाही. गॅझानिगा यांनी डाव्या गोलार्धातल्या या प्रवृत्तीला ‘दुभाष्या’ म्हटलं. आपण स्वतःच्या वागण्याची देतो ती सगळी कारणं अशीच रचलेली असतात, असा अर्थ पुष्कळ जण यातून काढतात. मला तो वाजवीपेक्षा फार पुढे गेलेला वाटतो. त्या मुलाच्या डाव्या गोलार्धाला खरं कारण मिळण्याची वाटच बंद होती. ती उघडी असलेल्या माणसाबद्दल हा प्रयोग तेवढ्याच ठामपणे काही सांगू शकत नाही.

याहूनही मोठा अतिरेक बाजारात झाला. दुभंगलेल्या मेंदूंवरच्या प्रयोगांच्या बातम्या १९७०च्या दशकात वृत्तपत्रांत आल्या आणि ‘डाव्या मेंदूची’ हिशेबी माणसं व ‘उजव्या मेंदूची’ कलावंत माणसं अशी जातवारीच सुरू झाली. गोलार्धांची कामं काही बाबतींत वेगळी आहेत, हे खरं. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुसंख्य माणसांत बोलण्याची सूत्रं डाव्या गोलार्धाकडे असतात, डावखुऱ्यांतही साधारण सत्तर टक्क्यांमध्ये. अवकाशाची जाण आणि चेहरा ओळखणं यांत उजव्याचा वाटा जास्त. पण एखाद्या माणसात एकच गोलार्ध वरचढ असतो का, हे युटा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी हजाराहून अधिक लोकांच्या मेंदूंच्या स्कॅनमध्ये तपासलं (२०१३), तेव्हा तसं काही आढळलं नाही. गाणारा माणूस असो की गणित करणारा, दोन्ही गोलार्ध राबत असतात.

आपल्याकडेही पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावांपर्यंत ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग निघाले. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचून दाखवायचं, आणि डावा-उजवा मेंदू जोडून दिल्याने हे साधलं असं पालकांना सांगायचं. मिडब्रेन हा मेंदूच्या देठाचा भाग आहे, तो जन्मापासून चालू असतो, त्याला ‘चालू’ करण्याची काही शिकवणी नसते. पट्टीच्या फटीतून नाकाच्या बाजूने खाली बघता येतं, आणि मुलाला तसं बघायला व नंतर ते लपवायला शिकवलं जातं. आईबापांचे हजारो रुपये त्यात जातात. त्याहून वाईट म्हणजे सात-आठ वर्षांच्या पोराला खोटं बोलण्याचं प्रशिक्षण मिळतं आणि त्याला विज्ञानाचं नाव लावलं जातं. याविरुद्ध बोलायला हवं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा पट्टा माहिती नेतो, हे स्पेरींनी दाखवलं. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्याचं दुसरं काम हळूहळू पुढे आलं आहे, पलीकडच्याला आवरण्याचं. पलीकडे जाणारे तंतू स्वतः उत्तेजन देणारेच असतात. मात्र ते तिथल्या रोध करणाऱ्या पेशींनाही जागं करतात, आणि पुष्कळदा शेवटी परिणाम होतो तो आवर घालण्याचा. १९९२ साली ए. फेर्बर्ट आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांत हे मोजलं. एका गोलार्धाच्या हात हलवणाऱ्या भागावर कवटीबाहेरून चुंबकीय ठोका दिला, तर त्यानंतर दहाएक मिलिसेकंदांनी दुसऱ्या गोलार्धातून त्याच्या हाताला मिळणारी चालना कमी झालेली दिसली. २०१२ साली उंदरांवरच्या प्रयोगांत या आवरण्यामागची पेशींची साखळीही उलगडली.

लहान मुलांत हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला एका हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लावायला सांगा. दुसऱ्या हाताची बोटंही आपसूक हलू लागतात. पट्ट्यातल्या तंतूंवर आवरण चढण्याचं काम बालपणभर चालू असतं आणि तारुण्यातही पुढे जातं. जसजसं ते पक्कं होतं तसतशी ही बोटांची नक्कल ओसरते, साधारण दहाव्या वर्षाच्या सुमारास बहुतेक जाते. तबला वाजवताना डग्ग्यावरचा हात आणि तबल्यावरचा हात पूर्ण वेगळी कामं करतात, त्यात एका गोलार्धाने दुसऱ्याला आपल्या कामात ओढू न देण्याचा भाग मोठा आहे. सात वर्षांच्या आधी वाद्य शिकायला लागलेल्या संगीतकारांत पट्ट्याचा पुढचा भाग मोठा असतो, हे १९९५ साली गॉटफ्रिड श्लाउग यांनी दाखवलं.

पक्षाघातानंतरच्या उपचारातही हा विचार आला. एक गोलार्ध दुखावला की निरोगी गोलार्ध त्याला जास्तच दाबतो, तेव्हा निरोगी बाजू चुंबकीय ठोक्यांनी जरा शांत केली तर लुळा हात सुधारेल, अशी कल्पना होती. छोट्या अभ्यासांत आशा दिसली, पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत खरे ठोके आणि लुटुपुटीचे ठोके यांत फरक पडला नाही. दोन्ही गटांत सुधारणा झाली ती व्यायामाने. गोलार्धांमधलं नातं नुसत्या रस्सीखेचीचं नाही आणि नुसत्या सहकाराचंही नाही, हे त्यातून घ्यायचं. काम काय आहे त्यावर ते बदलतं.

मग ज्यांच्यात हा पट्टा जन्मतःच नसतो त्यांचं काय? अंदाजे चार हजारांत एका बाळात असं होतं. ‘रेन मॅन’ या १९८८च्या चित्रपटातल्या पात्रामागचे किम पीक त्यांपैकीच. यातल्या काहींना मोठ्या अडचणी असतात, काहींच्या बाबतीत स्कॅन काढेपर्यंत घरच्यांनाही पत्ता नसतो. शस्त्रक्रियेनंतर दिसणारं दुभंगलेपण त्यांच्यात सहसा दिसत नाही. डावीकडे चमकलेल्या चित्राचं नाव ते सांगू शकतात. त्यांची अडचण येते ती गुंतागुंतीचं, नवं, घाईचं काही आलं की, आणि दुसऱ्याच्या मनातलं ओळखताना. रिओ दि जानेरोच्या फर्नांडा टोव्हार-मोल यांनी २०१४ साली दाखवलं की अशा काहींच्या मेंदूत तंतू लांबचा वळसा घेऊन, एरवी कुणाच्या मेंदूत न दिसणाऱ्या वाटांनी पलीकडे पोचलेले असतात. गर्भातच वाट बंद आढळली, तर वाढणारा मेंदू दुसरी काढतो. मोठ्या माणसाचा कापलेला मेंदू हे करू शकत नाही.

शेवटचा आणि आज सर्वांत वादाचा प्रश्न असा की पट्टा कापल्यावर माणसात दोन जाणिवा नांदतात का. स्पेरी यांचं उत्तर होय असं होतं. २०१७ साली ॲमस्टरडॅमच्या याइर पिंटो यांनी दोन रुग्णांवर तपासून वेगळं चित्र मांडलं. दोन्ही बाजूंना दाखवलेल्या दोन आकृत्या सारख्या आहेत का, हे त्या रुग्णांना सांगता येत नव्हतं. म्हणजे दृष्टी दुभंगलेली. पण आकृती दिसली की नाही आणि कुठे दिसली, हे ते कुठल्याही हाताने आणि तोंडानेही सांगत. पिंटो यांचं म्हणणं, पाहणं दोन, पाहणारा एक. इतरांचा आक्षेप आहे की शस्त्रक्रियेला वर्षं लोटली की रुग्ण मानेची हालचाल, चेहऱ्याचे स्नायू, ओठांतली पुटपुट अशा खुणांनी एका बाजूचं दुसरीला कळवायला शिकतात, शिवाय मेंदूच्या देठातल्या जोडण्या शाबूतच असतात. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. पट्टा नसतानाही प्रतिसाद बंद पडत नाही, याचं कारण याच आडवाटा.

किती थोडं उरलं तरी पुरतं, हेही आता दिसू लागलं आहे. सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने अलीकडेच दाखवलं की पट्ट्याच्या मागच्या टोकाचा जेमतेम सेंटीमीटरभर तुकडा वाचला, तरी दोन गोलार्धांतला ताळमेळ जवळजवळ निरोगी माणसासारखा राहतो. एकूण तंतूंच्या संख्येवरून ठरवायला गेलो असतो तर असं भाकीत कुणी केलं नसतं.

ऑपरेशन थिएटरमध्ये याचा अर्थ अगदी प्रत्यक्ष आहे. पट्टा कापण्याची शस्त्रक्रिया आजही होते, मुख्यतः ज्या मुलांना उभ्या उभ्या कोसळवणाऱ्या फिट्स येतात त्यांच्यासाठी. अशी मुलं दिवसातून अनेकदा तोंडावर आपटतात, घरातही हेल्मेट घालून वावरतात. दिल्लीच्या एम्समध्ये पी. शरत चंद्र यांच्या चमूने ती छोट्या छिद्रातून, दुर्बिणीने करण्याची पद्धत बसवली आहे. लहान मुलात पट्टा पूर्ण कापला तरी मेंदू बरंच सावरून घेतो, आणि अर्धवट कापण्यापेक्षा फिट्सही जास्त थांबतात. मोठ्या माणसात सर्जन बहुधा पुढचा दोन तृतीयांश भाग कापून थांबतात, मागचं टोक राखतात, आणि फिट्स तरीही राहिल्या तरच दुसऱ्यांदा हात घालायचा की नाही याचा विचार करतात.